बू हाजींच्या तसब्या आणि वेनिंगने गिळलेलं नाणं

कुदुस,
रमजानच्या उपासांच्या आधीचा शुक्रवार

ती. मास हार्जोनो यांना,

धाकट्या कार्सोनोचा सलाम. थोरल्या भावाचा हात कपाळाला लावायला मध्ये समुद्र आडवा येतो, म्हणून या कागदालाच कपाळ टेकवून लिहायला बसलो आहे. तिकडे बालिकपापानला तुमची प्रकृती कशी आहे? साखर आटोक्यात आहे ना? गुडघा काय म्हणतो? आणि तुमचा होला पुन्हा घुमायला लागला की अजून रुसूनच बसला आहे? (पक्षी गप्प झाला म्हणून मास जेवत नाहीत, असं आमच्या हिने, यात्मीने, कुठून तरी ऐकलं. मी म्हटलं, मास तसे नाहीत, फार तर दुपारचं सोडतील.) इकडे मी, यात्मी आणि आंगणातला आंबा असे तिघे ठीक आहोत. आंब्याला यंदा फळ नाही, पण तो कुणावर उपकारही दाखवत नाही, आणि हल्ली आपल्या गल्लीत एवढा गुण पुष्कळ झाला.

फोन हातात असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण असं की आपल्या खानदानाच्या ग्रुपवर मी काहीही टाकलं तरी ते सर्वांत आधी बू हाजी वाचतात. तुम्हाला एकट्याला पाठवलं, तर तुमची सून तुमचा फोन बघते आणि बू हाजींना कळवते. (तिचा दोष नाही. बू हाजी विचारतात आणि ती उत्तर देते.) बू हाजी म्हणजे आपलीच रुमिनी, हे तुम्हाला सांगायला नको, पण हजला जाऊन आल्यापासून तिला नुसतं म्बाक, म्हणजे ताई, म्हटलेलं चालत नाही. मी तिचा सख्खा धाकटा भाऊ. माझ्या लहानपणी तिने मला तळ्यात ढकललं होतं. तरी मीही तिला अहो-जाहो करतो.

तर गेल्या महिन्यात बू हाजी उम्राहून परत आल्या. भेटायला गल्ली लोटली. झमझमचं पाणी बोटभर पेल्यांतून मिळालं, खजूर मिळाले, पुरुषांना टोप्या मिळाल्या, आणि या खेपेला नवीन म्हणून प्रत्येक घराला एकेक विजेची तसबी मिळाली. तुम्ही पाहिली असेल. अंगठीसारखी बोटात घालायची आणि अंगठ्याने कळ दाबायची, की आकडा एकाने पुढे सरकतो. जपाला माझी ना नाही. आपले वडील लाकडी मण्यांवर जप करायचे आणि त्यांच्या तोंडावर जी शांती असायची ती मी विसरलेलो नाही. पण आता गल्लीतली चार माणसं गटाराच्या प्रश्नावर बोलायला जमली, की सगळीकडून टिक-टिक-टिक ऐकू येतं आणि मध्येच कुणीतरी दुसऱ्याच्या बोटावरचा आकडा वाकून बघतं. या तसब्या आपण मक्केत एकेक पारखून घेतल्या, असं बू हाजींनी प्रत्येकाला सांगितलं. माझ्या खोक्याच्या बुडाला आपल्याच बाजारातल्या एका दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती. ती बहुधा सगळ्यांच्याच खोक्याला असावी. सगळ्यांनी नखाने खरवडून टाकली आणि म्हणाले, "वा, मक्केचा माल वेगळाच दिसतो!" आपली माणसं अशी आहेत, मास. आपल्या लोकांना भीड नावाचा जो रोग आहे त्याच्यावर अजून कुठे औषध निघालेलं नाही, आणि निघालं तरी वैद्याला वाईट वाटेल म्हणून कुणी ते मागणार नाही.

साध्या घरांना साध्या तसब्या मिळाल्या. आपण पडलो जवळचे, म्हणून आपल्याला खास मिळाली. ती अंगठीची नव्हे, तळहातात मावणारी, हिरवी, दिवा लागणारी आणि किब्ल्याचा, म्हणजे मक्केच्या दिशेचा, बाण दाखवणारी. (बाण माझ्या घरात गोठ्याकडे दाखवतो. मी दिशा बदलून पाहिली, बाण गोठ्यावर ठाम आहे.) दिवा आणि बाण यांना दाणापाणी जास्त लागतं, म्हणून साध्या तसबीत असतो तो मसुराएवढा सेल हिच्यात नाही. हिच्यात आपल्या शंभर रुपियांच्या नाण्याच्या जवळपास जाणारा चकचकीत, चपटा सेल असतो. मागचं झाकण नखाने निघतं. स्क्रू नाही, काही नाही. ज्याने ते बनवलं त्याने आयुष्यात एकही मूल पाहिलेलं नसावं, किंवा पाहिलं असेल तर ते त्याला आवडलेलं नसावं.

माझ्या नातीला, वेनिंगला, ही तसबी फार आवडली. तीन वर्षांचं वय, आणि कळ दाबली की दिवा लागतो. जाईल तिथे ती तिच्या मुठीत. तिची आई, आपली एंदांग, एका रविवारी शाळेच्या कुठल्याशा प्रशिक्षणाला सेमारांगला गेली होती, म्हणून वेनिंगला घेऊन मी, यात्मी आणि आपले जावईबापू बाग्यो असे बू हाजींकडे गेलो. गल्लीतल्या बायकांची महिन्याची बैठक होती. भाताच्या वड्या आणि फणसाचा रस्सा, असा लेंतोगचा नाश्ता मांडला होता. बू हाजी तसब्या कशा पारखल्या ते पहिल्यांदा ऐकणाऱ्या एकदोघींना सांगत होत्या, आणि आम्ही बाकीचे ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे माना डोलावत होतो. तेवढ्यात वेनिंग आली. तोंडातून लाळ गळत होती. यात्मीने भाताचा घास पुढे केला तर तो ढकलला आणि गळ्यावर बोट ठेवलं. तिच्या मागे चटईवर ती हिरवी तसबी उघडी पडली होती. झाकण एकीकडे, तसबी एकीकडे. मधली जागा रिकामी.

मास, त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाने ती रिकामी जागा पाहिली. मी पाहिली. यात्मीने पाहिली. बाग्योने पाहिली, कारण त्याचा चेहरा त्या क्षणी उकडलेल्या भातासारखा झाला. शेजारणींनी पाहिली आणि लगेच आपापल्या पानात पाहिलं. एकट्या बू हाजींनी पाहिली नाही, कारण त्या बोलत होत्या. आता असं समजा की कुणी मोठ्याने म्हटलं असतं, अहो, पोरीने तुमच्या तसबीचा सेल गिळला. म्हणजे बू हाजींच्या घरात, बू हाजींच्या पाहुण्यांसमोर, बू हाजींचा लेंतोग तोंडात असताना, बू हाजींनी मक्केहून आणलेल्या भेटीला नाव ठेवलं असतं. तसं करण्यापेक्षा आपली माणसं स्वतः सेल गिळतील. म्हणून सगळी खोली गप्प. आणि या गप्प खोलीत आपल्या जावईबापूंना कंठ फुटला. कचेरीत पंधरा वर्षं वरच्या साहेबाची छत्री धरून त्याचा आवाज मऊ झालेला आहे. त्या मऊ आवाजात तो म्हणाला, "बहुतेक, म्हणजे माझं चुकत असेल, पण नाणं असावं, बू हाजी. माझ्याच खिशातलं."

खोलीने श्वास सोडला. एक शेजारीण तर म्हणाली, "हो हो, मी पाहिलं, नाणंच होतं." (ती त्या वेळी स्वयंपाकघरात होती.)

त्यानंतर जे उपचार सुरू झाले त्यांचं वर्णन मी संयमाने करतो. एकीने केळं आणलं, कारण केळ्याने नाणं घसरतं. दुसरीने भाताचा गोळा आणला, कारण भाताने ते ढकललं जातं. तिसरी म्हणाली, पोरीला उलटं धरा. चौथी घशात बोट घालायला निघाली होती, तिला यात्मीने हात धरून खाली बसवलं. एका आजीबाईंनी नारळपाणी मागवलं. ते वेनिंगसाठी आहे असं सर्वांना वाटलं, पण ते त्यांनीच प्यायलं. पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की यातलं काहीही करायचं नसतं. खायला घालायचं नाही, उलटी काढायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. मूल वर्षाच्या वरचं असेल आणि गिळता येत असेल, तर सेल गिळल्यावर वाटेत थोडा थोडा मध चाटवता येतो, तेवढ्याने घशाला थोडं संरक्षण मिळतं. पण मध शोधण्यासाठी थांबायचं नाही. बू हाजींच्या कपाटात मधाची बरणी होती. ती भेट आलेली असल्यामुळे तिचं झाकण आजवर कुणी उघडलेलं नाही.

आणि मग आपलं निघणं. तुम्ही परमुलखात राहून विसरला असाल, म्हणून आठवण देतो. आपल्याकडे घराला आग लागली तरी माणूस घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याचा निरोप घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही. बाग्यो पोरीला काखेत घेऊन दारापाशी गेला, आणि तिथून परत फिरून रांगेने प्रत्येक बाईपुढे वाकत आला. "येतो हं. माफ करा, मध्येच उठावं लागतंय. येतो हं. नाही नाही, काही विशेष नाही. येतो हं." प्रत्येकीने थांबवून विचारलं, "असे कसे निघालात? खाल्लं कुठे काही?" एकीने घरी न्यायला म्हणून लेंतोग केळीच्या पानात बांधला. बांधायला दोरा सापडेना. आम्ही उभे. पोरीची लाळ गळते आहे, दोऱ्याचा शोध चालू आहे, आणि जावईबापू हसतमुखाने म्हणत आहेत, "सावकाश, बू, सावकाश."

मी त्या वेळी काय करत होतो, असं तुम्ही विचाराल. मी पहिल्याच क्षणी ती उघडी तसबी उचलून खिशात टाकली होती. पुरावा हाताशी असावा. घरात एकाचं तरी डोकं शांत राहावं लागतं.

एवढ्यात बू हाजी उठल्या. नात आपली, तेव्हा गाडीही आपलीच जाणार. त्या पुढे चालवणाऱ्याशेजारी बसल्या, मागे आम्ही. झालं. म्हणजे ते नाणंही आमच्याबरोबर गाडीत बसलं. त्या असेपर्यंत त्याला उतरवायचं कसं? वाटभर त्यांनी तसबीवर दुआ मोजल्या. पुढून टिक-टिक, मागून पोरीची घरघर. मध्येच त्या मागे वळून बाग्योला म्हणाल्या, "नाणी अशी खिशात सुटी ठेवतात का रे? तू शिकलेला ना?" तो म्हणाला, "चुकलं माझं, बू हाजी." मास, मला त्याची इतकी चीड आली की मी खिडकीबाहेर पाहिलं. माणसाने किती वाकावं? पाठीचा कणा म्हणून काही वस्तू आहे की नाही? मी बोलणारच होतो. पण तेवढ्यात बू हाजी मला म्हणाल्या, "कार्सोनो, तू तरी जावयाला काही शिकवत जा." मी म्हटलं, "शिकवतो."

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, काय गिळलं? बाग्यो म्हणाला, "नाणं, डॉक्टर." कुणी पाहिलं? सगळ्यांनी आपापल्या चपला पाहिल्या. बाईंनी मान हलवली आणि एक्स-रेला पाठवलं. जाता जाता त्या नर्सला म्हणाल्या ते मी ऐकलं: नाणंच असेल आणि पोर नीट श्वास घेत असेल तर घाई नको, संध्याकाळपर्यंत वाट पाहू, खाली उतरेल. नाणं बिचारं घशात नुसतं बसून राहतं. सेल तसा बसत नाही. ओल्या घशात त्याचा प्रवाह सुरू होतो आणि आजूबाजूची जागा भाजत जाते. दोन तासांत खोल जखम होऊ शकते आणि बाहेरून काही दिसत नाही. हे त्या वेळी मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणूनच नुसता बसलो होतो, हे नमूद करून ठेवतो. बाग्योला मात्र मोबाईलवर सारखं काहीतरी वाचताना मी पाहिलं, आणि वाचता वाचता त्याचा घाम सदऱ्याच्या पाठीवर उतरला. तो तीनदा उठला. तिन्ही वेळा बू हाजींनी "कुठे?" म्हणून विचारलं, आणि तिन्ही वेळा "कुठे नाही, बू हाजी" म्हणून तो खाली बसला.

एक्स-रे आला. डॉक्टरीणबाई तो पडद्यावर लावून बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी मागे वळून आमची रांग पाहिली: बाग्यो, यात्मी, मी. मग बू हाजी. मग बू हाजींच्या बोटातली तसबी. मग त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बू हाजी, पोरीला आत नेण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसाने तिच्यासाठी दुआ मागितली तर बरं. नमाजाची खोली त्या पलीकडच्या टोकाला आहे." बू हाजी तत्काळ उठल्या. टिक-टिक करत त्या कोपऱ्यावरून वळल्या, आणि बाईंचा आवाज बदलला.

"आता खरं सांगा. नाण्याला एक कड असते. याला दोन दिसतायत, एकात एक. काय आहे हे?"

आम्ही तिघे एकदम बोललो. काहीच कळलं नाही.

"एकेक! तुम्ही," (हे मला) "तुम्ही आजोबा ना? बोला."

मी खिशातून तसबी काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती उलटी केली, रिकाम्या जागेवर बोट फिरवलं आणि नर्सला म्हणाल्या, "दुर्बीण तयार ठेवायला सांग. आत्ता. सेल आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे तुमच्या खिशात होतं? सकाळपासून?" मी म्हटलं, हो, जपून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "मी सोलोची आहे, आजोबा. आमच्याकडेही माणसं अशीच नम्र असतात. पण नम्रपणा एक्स-रेत दिसत नाही." हे त्या बाग्योला उद्देशून म्हणाल्या असाव्यात, पण बघत माझ्याकडे होत्या.

सेल निघाला. घशाच्या आत भाजलं होतं, पण आरपार नाही. थोडा वेळ आणखी गेला असता तर काय झालं असतं ते बाईंनी सांगितलं. मी ते तुम्हाला लिहीत नाही, तुमची साखर वाढेल. वेनिंगला आत ठेवलं आणि नळीने दूध चालू झालं. ती एवढीशी दिसत होती त्या पलंगावर. एक हात सलाईनला बांधलेला. दुसऱ्या हाताचा अंगठा दाबत होती, नसलेली कळ.

दुपारी एंदांग सेमारांगहून आली. धावत आली असावी, एका पायात चप्पल होती, दुसरी हातात. तिने पोरीला पाहिलं, डॉक्टरीणबाईंशी बोलली, आणि बाहेर येऊन आमच्यासमोर उभी राहिली. आपली एंदांग कधी आवाज चढवत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशीही चढवला नाही.

"नाणं कोण म्हणालं?"

"मी," बाग्यो म्हणाला.

"आणि तसबी कुठे होती?"

"खिशात," मी म्हटलं.

"कुणाच्या?"

मी हात खिशावर ठेवला. ती दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "एवढी मोठी दोन माणसं. आणि एका बाईला वाईट वाटेल म्हणून माझ्या पोरीच्या घशात आग पेटू दिलीत." तेव्हापासून ती नवऱ्याशी कामापुरतं बोलते आणि माझ्याशी तेवढंही नाही. बाग्योचं ठीक आहे, त्याने ते कमावलं आहे. मला का त्याच्या रांगेत बसवलं ते कळत नाही.

आता वेनिंग घरी आहे, पातळ पेज खाते, आणि पुन्हा दुर्बिणीने बघायचं आहे. बू हाजींना सगळं सुखरूप पार पडलं ते आपल्या दुआमुळे, एवढं माहीत आहे. ते खरंही असेल. पण गिळलं ते नाणं, हीच त्यांची समजूत अजून कायम आहे, आणि त्या नाण्याविरुद्ध त्यांनी गल्लीत मोहीम उघडली आहे. बायकांच्या बैठकीत उभं राहून त्यांनी सांगितलं की लहान मूल असलेल्या घरात नाणं ठेवणं हे पाप आहे. मग एक डबा फिरवला. सगळ्यांनी नाणी टाकली. आज आपल्या गल्लीत कुणाकडे सुटे पैसे नाहीत. भाजीवाली मोडीच्या जागी मिरच्या देते. हे भाषण चालू असताना बू हाजींच्या हातात तसबी होती आणि ठासून सांगायच्या प्रत्येक वाक्याला त्या कळ दाबत होत्या. समोर बायकांच्या मांडीवर पोरं होती, आणि पोरांच्या हातात काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. शिवाय वेनिंगची तसबी "हरवली" हे कळल्यावर त्या स्वतः येऊन तिला नवी देऊन गेल्या. तीच, दिव्याची, बाणाची. यात्मीने ती तांदळाच्या डब्यात खोल पुरली. पोर रोज विचारते, बू हाजींचा दिवा कुठे गेला?

मी नुसता हातावर हात ठेवून बसलो, असं तुम्ही समजू नका. म्हटलं, इतर घरांतली पोरं तरी वाचवावी. खरं कारण सांगितलं तर संध्याकाळच्या आत ते बू हाजींच्या कानावर जाणार. म्हणून मी दारोदार फिरलो आणि म्हटलं, तुमच्या तसबीचा सेल तपासून देतो, आणा इकडे. बेत असा की नेलेली तसबी परत द्यायचीच नाही. लोकांनी तसब्या आनंदाने दिल्या. पण फुकट मिळणारी सेवा म्हटल्यावर सोबत भिंतीवरची घड्याळं दिली, पंख्याचे रिमोट दिले, कानाकोपऱ्यातली गाणारी खेळणी दिली, आणि शेजारच्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून हातात ठेवलं. नको म्हणणार कसं? बिचारे इतक्या विश्वासाने देतात. आज सबंध कुदुसात सर्वांत जास्त बटणसेल माझ्या कपाटात आहेत. शेजारच्या आजोबांना ऐकू येत नाही, त्यामुळे ते यंत्र परत मागायला येतात तेव्हा मी काय सांगतो ते त्यांना कळत नाही. आणि ज्यांच्या तसब्या मी दडपल्या त्यांनी बू हाजींना मोठ्या अदबीने कळवलं की तसबी फार चांगली होती, नेमकी बिघडली. बू हाजी म्हणाल्या, काळजी करू नका, ईदेनंतर मी पुन्हा उम्राला चालले आहे, सगळ्यांना नव्या आणते. दिव्याच्या.

असो. बाकी सर्व क्षेम. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद, होल्याला दाणे. लोभ आहेच, तो तसाच ठेवा.

तुमचा धाकटा,
कार्सोनो

ता.क. लिहायचं राहिलं. एंदांगने अट घातली आहे. बू हाजींना कुणीतरी खरं सांगितलं नाही, तर ईदेच्या दिवशी सगळं खानदान एकमेकांची माफी मागायला रांगेत उभं राहील, तेव्हा ती बू हाजींपुढे वाकून, सर्वांच्या देखत, स्वतः सांगणार आहे. ती सांगेल. मी तिला ओळखतो. म्हणून मास, तुम्ही थोरले आहात, बू हाजी फक्त तुमचं ऐकतात. एक फोन करा. तिकडच्या एखाद्या डॉक्टरकडून ऐकलं असं सांगा. दुसऱ्याच कुठल्या तरी गावातल्या पोराची गोष्ट म्हणून सांगा. माझं नाव मध्ये येऊ देऊ नका. यात भीड कसली? पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे.

ता.क. २. हे यात्मीला वाचून दाखवलं. ती म्हणते, बू हाजींचं घर तीन दारं सोडून आहे आणि बालिकपापान समुद्रापलीकडे, तेव्हा तुम्ही स्वतःच उठून जा. बायकांना अशा गोष्टींतला नाजूकपणा कळत नाही.

ता.क. ३. आत्ताच बू हाजी केळ्याची भजी घेऊन येऊन गेल्या. कुणाला लिहितोस, म्हणाल्या. मासना, म्हटलं. "मग दे इकडे," म्हणाल्या, "मी त्यांना उद्या पार्सल पाठवते आहे, त्यातच टाकते, टपालखर्च वाचेल." पार्सलात तुमच्या नातवंडांसाठी सहा तसब्या आहेत. दिव्याच्या. नाही म्हणता आलं नाही. संध्याकाळी पाकीट न्यायला येणार आहेत. मास, पार्सल नातवंडांसमोर उघडू नका.

ता.क. ४. पाकिटाला डिंक लावायला मी विसरलो आहे. यात्मी म्हणते, आठवण कर. मी म्हटलं, विसरलो म्हणजे विसरलो. तेव्हा हे पान आधी दुसऱ्याच कुणी वाचत असेल, तर त्या व्यक्तीसाठी: म्बाक रुमी, ते नाणं नव्हतं. तुझ्या तसबीचा सेल होता. वेनिंग वाचली. पार्सलातल्या सहाही काढून ठेव, आणि गल्लीतल्या उरलेल्या परत माग. तू मागितल्यास तर सगळे देतील. हे मी तोंडावर सांगू शकलो नाही, आणि तळ्याचं मी कधीच विसरलो आहे. दुकानाच्या चिठ्ठीबद्दल वर जे लिहिलं आहे, ते बाग्योचं म्हणणं आहे.